पार्लरमधलं वॅक्सिंग : त्वचेवर नेमकं काय होतं, कुणी टाळावं आणि पार्लरमध्ये काय विचारावं?

लग्नसराई किंवा दिवाळी जवळ आली की गल्लीतल्या एका खोलीच्या पार्लरपासून मॉलमधल्या सलूनपर्यंत सगळीकडे गर्दी होते. आयब्रो, फेशियल आणि त्यासोबत वॅक्सिंग हे ठरलेलं असतं. भिंतीवरच्या दरपत्रकात ‘फुल आर्म्स’, ‘हाफ लेग्ज’, ‘अंडरआर्म्स’, ‘फुल बॉडी’ असे प्रकार आणि त्यांच्यापुढे साधं, चॉकलेट, रिका असे पर्याय लिहिलेले असतात. बहुतेक जणी दर बघून त्यातला एक निवडतात. आता छाती-पाठीचं वॅक्सिंग करून घेणारे पुरुषही कमी नाहीत.

पण वॅक्सिंगचा परिणाम नुसत्या वॅक्सच्या नावावर ठरत नाही. वॅक्स किती गरम आहे, भांड्यात एकच सुरी पुन्हा पुन्हा बुडवली जाते का, करणाऱ्या ताईचा हात कसा आहे आणि ज्या त्वचेवर ते लागणार आहे ती त्या वेळी कोणत्या अवस्थेत आहे, या चार गोष्टी जास्त महत्त्वाच्या असतात. कारण पट्टी ओढली जाते तेव्हा केसांबरोबर त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या मृत पेशीही निघतात. म्हणून वॅक्सिंगनंतर हात गुळगुळीत आणि थोडा उजळ दिसतो, आणि म्हणूनच चूक झाली तर त्वचा सोलवटते.

वॅक्समध्ये मेण असतंच असं नाही

पार्लरमध्ये ‘साधं वॅक्स’ किंवा ‘हनी वॅक्स’ म्हणून जे मिळतं, त्यातल्या अनेक प्रकारांत मेण नसतंच. तो साखरेचा घट्ट, चिकट पाक असतो. साखर, लिंबू आणि पाणी, कधी थोडा मध. लिंबातल्या आम्लामुळे पाकाची पुन्हा साखर होत नाही आणि तो ताणला जाईल असा राहतो. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत अशा पाकानं केस काढण्याची पद्धत फार जुनी आहे. तिथे पाकाचा गोळा हातानं मळून तोच त्वचेवर फिरवतात, पट्टी लागत नाही.

दुसऱ्या गटातली वॅक्स राळ आणि तेलकट घटकांपासून बनतात. ही राळ पाइन म्हणजे चीड जातीच्या झाडांच्या चिकापासून मिळते. ‘रिका’ हे खरं तर इटलीतल्या एका कंपनीचं नाव आहे, पण आपल्याकडे अनेक पार्लरमध्ये या प्रकारच्या कोणत्याही वॅक्सला सर्रास रिका म्हटलं जातं. ‘चॉकलेट’, ‘अ‍ॅलोव्हेरा’, ‘व्हाइट चॉकलेट’ ही नावं मुख्यतः त्यात घातलेल्या रंग, सुगंध किंवा अर्काची असतात.

दोन गट ओळखायची सोपी खूण आहे. त्वचेवर उरलेलं वॅक्स साध्या पाण्यानं धुतलं जात असेल तर ते साखरेचं. पाण्यानं न निघता तेल लावून पुसावं लागत असेल तर ते राळेचं. हा फरक अ‍ॅलर्जीच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. राळ हा त्वचेला अ‍ॅलर्जी देणाऱ्या सुपरिचित पदार्थांपैकी एक आहे. औषधी चिकटपट्टीनं ज्यांच्या अंगावर पुरळ येतं त्यांनी राळेचं वॅक्स आधी हातावरच्या छोट्या जागी लावून एक-दोन दिवस वाट पाहावी.

तिसरा प्रकार म्हणजे ‘हार्ड वॅक्स’ किंवा ‘बीन्स वॅक्स’. दाणे वितळवून ते जाडसर लावतात, निवून घट्ट झालं की पट्टीशिवाय तसंच ओढतात. ते केसाला जास्त आणि त्वचेला कमी चिकटतं. त्यामुळे चेहरा, काखा आणि बिकिनी भागासारख्या नाजूक जागी ते वापरलं जातं. पार्लरमध्ये ‘कटोरी वॅक्स’ म्हणतात तेही याच जातीचं.

केस परत कधी येतात?

रेझर केस त्वचेच्या पातळीवर कापतो. केस काढायचं क्रीम केसातलं प्रथिन विरघळवतं, तेही पृष्ठभागाच्या आसपासच. वॅक्सिंगमध्ये मात्र केस मुळापासून उपटला जातो. ज्या पिशवीतून तो उगवतो ती तशीच राहते, त्यामुळे तिथे पुन्हा केस येतो. वॅक्सिंग कायमचा उपाय नाही, ते याच कारणानं.

अंगावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढीच्या टप्प्यात असतात, काही थांबलेले, तर काही गळण्याच्या बेतात. एका बैठकीत जे निघाले त्यांना परत यायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. जे त्या वेळी त्वचेच्या आतच होते ते आठवडाभरात डोकावू शकतात. ‘आठ दिवसांत केस आले, म्हणजे काम नीट केलं नाही’ हा राग प्रत्येक वेळी योग्य नसतो. मात्र ते केस टोकाला बोथट आणि टोचरे लागत असतील, तर ते उपटले न जाता मध्येच तुटलेले आहेत. वॅक्स फार थंड असलं किंवा पट्टी चुकीच्या कोनात ओढली की असं होतं.

केस किती वाढलेले असावेत? साधारण तांदळाच्या दाण्याएवढे, म्हणजे पाव इंच. त्याहून लहान केस वॅक्स पकडत नाही आणि मग एकाच जागी तीन-तीन वेळा पट्टी ओढली जाते. फार लांब असतील तर दुखतं जास्त. म्हणून दोन वॅक्सिंगच्या मध्ये रेझर फिरवू नये असं सांगतात.

नीट केलेलं वॅक्सिंग कसं असतं?

सुरुवात त्वचा स्वच्छ आणि कोरडी करण्यापासून होते. घाम किंवा मॉइश्चरायझर राहिलं तर वॅक्स केसाला धरत नाही, म्हणून हलकी पावडर लावतात. त्यानंतर करणारी व्यक्ती वॅक्सचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर आणि मग ग्राहकाच्या हातावर लावून तापमान बघते. वॅक्स मधासारखं संथ वाहायला हवं. पाण्यासारखं पातळ झालं असेल, त्यातून वाफ किंवा धूर दिसत असेल, तर ते लावण्याजोगं नाही.

पट्टीनं काढायचं वॅक्स केसाच्या वाढीच्या दिशेनं, पातळ थरात लावतात. पट्टी दाबून बसवतात, एका हातानं त्वचा ताणून धरतात आणि दुसऱ्या हातानं पट्टी उलट दिशेनं, त्वचेला समांतर, एका झटक्यात ओढतात. पट्टी वर आकाशाकडे उचलून ओढली की दुखतं, केस तुटतो आणि नाजूक जागी रक्त साकळून काळानिळा डागही पडतो. काखेत केस दोन-तीन दिशांना वाढतात, म्हणून तिथे तुकड्या-तुकड्यानं काम करावं लागतं. पट्टी ओढल्याबरोबर त्या जागी तळहात दाबून धरला की वेदना कमी जाणवते. जाणत्या हाताला ही सवयच असते.

एका जागी दुसऱ्यांदा पट्टी लागणं समजू शकतं. तिसऱ्यांदा तीच जागा घेतली जात असेल तर थांबवावं. राहिलेले दोन-चार केस चिमट्यानं काढता येतात.

तीच सुरी, तेच भांडं

अनेक पार्लरमध्ये हीटरवर एकच मोठं भांडं असतं. सुरी त्यात बुडवायची, हातावर फिरवायची, पुन्हा त्याच भांड्यात बुडवायची. उरलेलं वॅक्स सुरीनं खरवडून परत भांड्यात टाकायचं. त्याच भांड्यातून पुढच्या ग्राहकाचं काम होतं. काही ठिकाणी जीन्सच्या कापडाच्या पट्ट्या धुऊन पुन्हा वापरल्या जातात.

‘गरम वॅक्समध्ये जंतू मरतात’ असं उत्तर यावर हमखास मिळतं. पण त्वचेला सोसवेल एवढंच वॅक्स तापवलेलं असतं आणि तेवढ्या उष्णतेनं भांडं निर्जंतुक होत नाही. वॅक्सिंगमध्ये रक्ताचे बारीक ठिपके येतात, मृत पेशी आणि केस सुरीला चिकटतात. उपटलेल्या प्रत्येक केसाच्या जागी काही तास एक उघडं छिद्र राहतं. केसांच्या मुळाशी पू धरणं, चामखीळ, मोलस्कमसारख्या विषाणूंच्या पुटकुळ्या पसरायला एवढी वाट पुरते.

बहुतेक वेळा त्रास किरकोळ असतो, पण नेहमीच नाही. २००७ साली ‘क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या एका वीस वर्षांच्या तरुणीची नोंद आली. तिला टाइप १ मधुमेह होता आणि साखर नियंत्रणात नव्हती. ब्राझिलियन वॅक्सनंतर तिला जिवावर बेतेल असा जंतुसंसर्ग झाला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात दोन महिलांना अशाच वॅक्सिंगनंतर संसर्ग झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा तिथल्या कॉस्मेटॉलॉजी मंडळानं ब्राझिलियन वॅक्सवर बंदीचा विचार केला. सलूनवाल्यांच्या विरोधानंतर तो मागे पडला.

उपाय महागडा नाही. प्रत्येक वेळी नवी लाकडी पट्टी वापरायची, एकदा अंगाला लागलेली पट्टी पुन्हा भांड्यात जाऊ द्यायची नाही. किंवा एका ग्राहकापुरतं वॅक्स लहान वाटीत काढून उरलेलं फेकून द्यायचं. हातमोजे, बेडवर एकदाच वापरायचा कागद आणि एकदाच वापरायच्या पट्ट्या असाव्यात. ‘रोल-ऑन’ मशीन दिसायला स्वच्छ वाटतं, पण तोच रोलर एकीच्या काखेतून दुसरीच्या पायावर गेला तर प्रश्न तसाच राहतो. प्रत्येक ग्राहकाला वेगळं कार्ट्रिज असेल तरच त्याचा उपयोग.

कुणी थांबावं, कुणी टाळावं?

पार्लरमध्ये हे प्रश्न क्वचितच विचारले जातात, त्यामुळे ही माहिती ग्राहकानंच द्यायला हवी.

पिंपल्सच्या गोळ्या : आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतली असेल, तर वॅक्सिंग करू नये असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. या औषधानं त्वचा नाजूक होते आणि पट्टीसोबत सोलून निघू शकते.

रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापालीन : रील बघून रोज रात्री रेटिनॉल लावणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ज्या भागावर ते लावलं जातं तिथे वॅक्सिंग करायचं असेल तर २ ते ५ दिवस आधी ते बंद करावं. ग्लायकॉलिकसारखी आम्लं आणि केमिकल पील यांच्या बाबतीतही हीच काळजी.

गोरेपणाची स्टेरॉइडयुक्त क्रीम : मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ही क्रीम महिनोन्‌महिने लावली की चेहऱ्याची त्वचा पातळ होते. अशा चेहऱ्यावर वॅक्सिंग करणं धोक्याचं.

मधुमेह आणि कमी प्रतिकारशक्ती : जखम भरायला वेळ लागतो, संसर्ग लवकर पसरतो. डॉक्टरांना विचारून आणि स्वच्छतेची खात्री असेल तरच करावं. पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसलेला कळतही नाही.

रक्त पातळ करणारी औषधं : रक्त साकळून डाग पडण्याची शक्यता वाढते.

त्वचेवरच्या खुणा : उन्हानं भाजलेली त्वचा, इसब, गजकर्ण, जखम, फुगलेल्या शिरा, उंच तीळ आणि चामखीळ यांवर वॅक्स लावू नये. ओठाच्या कडेला पाण्याचे फोड आले असतील तर अपर लिप्स पुढे ढकलावं.

लेझर करणार असाल तर : लेझर केसाच्या मुळातल्या रंगद्रव्यावर काम करतं. वॅक्सिंगनं मूळच निघून गेलं तर लेझरला लक्ष्य उरत नाही. म्हणून चार ते सहा आठवडे आधी वॅक्सिंग थांबवायला सांगतात. रेझर चालतो.

गरोदरपणात वॅक्सिंगला सरसकट मनाई नाही. पण त्या काळात त्वचा अधिक हळवी असते आणि जास्त दुखू शकतं, हे धरून चालावं.

नंतरचे दोन दिवस

पट्टी ओढल्यावर त्वचा लाल होणं, केसांच्या जागी बारीक दाणे येणं हे काही तास ते एक दिवस चालतं. गार पाण्याचा कपडा ठेवावा. पुढचे २४ ते ४८ तास कडक गरम पाण्याची आंघोळ, जिम, स्विमिंग पूल, घट्ट जीन्स-लेगिंग्ज आणि कडक ऊन टाळावं. काखेत डिओ आणि परफ्युम नको. सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर पुरतं.

आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेबाबत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अशा त्वचेला इजा झाली की लाली गेल्यावर मागे तपकिरी-काळा डाग राहतो आणि तो जायला काही महिने लागू शकतात. काखा आणि हनुवटी काळवंडण्यामागे वारंवार होणारी ही छोटी इजा हेही एक कारण असतं. डाग घासून काढायचा प्रयत्न केला की तो आणखी गडद होतो.

काही दिवसांनी केस त्वचेच्या आतच वळून गाठ धरतात. कुरळे आणि जाड केस असतील तर हे जास्त होतं. आठवड्यातून एक-दोनदा मऊ कापडानं हलकं चोळणं पुरेसं आहे. सुईनं किंवा नखानं केस उकरू नये.

चटका बसला तर

साखरेचा गरम पाक त्वचेला चिकटून राहतो, म्हणून त्याचा चटका खोल जाऊ शकतो. वॅक्स ओढून काढायच्या आधी ती जागा वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काही लावू नये. फोड आला तर फोडू नये. चेहरा किंवा गुप्तांगाजवळ भाजलं असेल, कातडं निघालं असेल, किंवा दोन दिवसांनंतर सूज, पू, ताप, वाढत जाणारी लाली दिसली तर पार्लरमध्ये न जाता डॉक्टरांकडे जावं.

हनुवटीवरचे केस वाढत असतील तर

दर पंधरा दिवसांनी हनुवटी आणि गळ्यावरचे जाड, काळे केस काढावे लागत असतील आणि त्याबरोबर पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल, पिंपल्स जात नसतील, तर हा प्रश्न नुसत्या वॅक्सिंगनं सुटणारा नाही. पीसीओएस किंवा हार्मोनच्या इतर बिघाडात असे केस येतात. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून तपासणी करून घ्यावी. अनेक मुली वर्षानुवर्षं लाजेपोटी फक्त पार्लरला जात राहतात आणि निदान लांबतं.

काही गैरसमज

‘रेझरनं केस जाड होतात, म्हणून वॅक्सिंगच करावं’ हे घरोघरी ऐकू येतं. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच प्रयोग करून दाखवलं होतं की दाढी केल्यानं केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असल्यानं ते फक्त राठ लागतं.

‘वॅक्सिंगनं टॅन जातो’ हे अर्धसत्य आहे. वरच्या मृत पेशी निघाल्यानं त्वचा उजळ वाटते, पण उन्हानं आतून तयार झालेला रंग तसाच राहतो.

‘स्वच्छतेसाठी गुप्तांगावरचे केस काढलेच पाहिजेत’ यालाही वैद्यकीय आधार नाही. ते केस घर्षणापासून संरक्षण देतात. काढणं किंवा ठेवणं ही ज्याची त्याची आवड आहे.

तक्रार कुठे करायची?

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वॅक्सिंग करणाऱ्या व्यक्तीला राज्य मंडळाचा परवाना लागतो. भारतात त्यासाठी असा वेगळा व्यक्तिगत परवाना नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे, खासगी संस्थांचे कोर्स आहेत, पण प्रमाणपत्राशिवाय, दुसऱ्या पार्लरमध्ये हाताखाली शिकून काम सुरू करणाऱ्याही अनेक आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणी उत्तम काम करतात. पण ग्राहकाला ते आधी कळायचा मार्ग विचारणं हाच आहे.

वॅक्सच्या डब्यावर उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक, घटक आणि वापरायची मुदत छापलेली असायला हवी. डबा दाखवा म्हणायला संकोच नसावा. पैसे देऊन घेतलेली पार्लरची सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येते. इजा झाली तर लगेच फोटो, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

खुर्चीत बसण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. वॅक्स साखरेचं आहे की तेलानं पुसावं लागणारं?
२. दर वेळी नवी लाकडी पट्टी वापरणार, की सुरी परत भांड्यात जाणार?
३. कापडी पट्ट्या नव्या आहेत की धुतलेल्या?
४. आधी मनगटावर लावून दाखवाल का?
५. मी अमुक गोळी किंवा क्रीम वापरते, तरी चालेल का?

या प्रश्नांवर शांतपणे उत्तर देणारी ताई सापडली, तर चॉकलेट की रिका हा प्रश्न बराच मागे पडतो. आणि उत्तराऐवजी ‘आमच्याकडे आजवर कुणाला काही झालं नाही’ एवढंच ऐकायला मिळालं, तर त्या दिवशी उठून यायला हरकत नाही. केस काही पळून जात नाहीत, वॅक्सिंग पुढच्या आठवड्यातही होतं.